नऊ तासांचं माल्टा

सकाळी साडेसहाला बोटीच्या बाराव्या डेकवर एवढी गर्दी असेल असं वाटलं नव्हतं. आदल्या रात्री जेवताना वेटरने बजावून ठेवलं होतं, ‘उद्या बाकी काहीही चुकलं तरी चालेल, बंदरात शिरणं चुकवू नका.’ त्यामुळे कोणी नाइट सूटवर शाल गुंडाळून आलं होतं, कोणी चहाचा कागदी पेला सांभाळत. आमच्या बावीस जणांच्या ग्रुपमधले ठाण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी गळ्यात दुर्बीण अडकवून कठड्याशी पहिल्या रांगेत उभे होते.

समोर आधी नुसती फिकट रेघ होती. ती जाड होत गेली, तिला घुमट फुटले, तट फुटले. लाटा अडवणाऱ्या दोन धक्क्यांमधून बोट आत शिरली तेव्हा डावीकडे रिकासोलीचा किल्ला होता आणि उजवीकडे सेंट एल्मोचा. त्यामागे खडकातूनच उगवल्यासारखं व्हॅलेटा शहर. आपल्याकडचा किल्ला म्हटला की काळा कातळ डोळ्यापुढे येतो. इथे तट, चर्च, घरं, पायऱ्या सगळं एकाच पिवळ्या चुनखडीचं. तिथले लोक या दगडाला ‘फ्रांका’ म्हणतात. कोवळं ऊन त्यावर पडलं तसा रंग आणखी गडद झाला. बायको म्हणाली, ‘बेसन आत्ता उतरवायला झालंय बघ.’ माल्टाच्या दगडाचं याहून नेमकं वर्णन मला पुढे कुठेच सापडलं नाही.

साडेसातला गँगवे उघडला. ‘साडेचारपर्यंत सगळ्यांनी बोटीवर परत’ असं लाउडस्पीकरवर तीन भाषांत सांगून झालं. हातात नऊ तास होते.

क्रूझवरचा बंदराचा दिवस ही चमत्कारिक चीज आहे. देश बदललेला असतो, पण आपली खोली, पलंग, दात घासायचा ब्रश जिथल्या तिथे असतो. दुपारचं जेवण बोटीवर, म्हणजे आधीच पैसे भरलेलं. त्यामुळे गावात खर्च करायला हात कचरतो. आमच्या बोटीत चार हजारांच्या आसपास प्रवासी होते आणि समोरच्या राजधानीत राहतात पाच-सहा हजार माणसं. म्हणजे एका सकाळी गावाएवढं दुसरं गाव त्याच्या वेशीशी येऊन उभं राहतं आणि संध्याकाळी उठून जातं. बोटीच्या सहलींच्या यादीत अर्ध्या दिवसात मदीना, मोस्ता आणि ब्लू ग्रोटो अशी तीन ठिकाणं होती. ग्रुपमधले पंधरा जण त्या बसला गेले. आम्ही सात जणांनी ठरवलं, बसमध्ये बसायचंच नाही. व्हॅलेटा शहर एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही. तेवढंच बघायचं, पण पायी.

थांबलेल्यांची यादी

धक्क्यावर उतरल्यावर समोर जुन्या गोदामांची रांग लागते. मॅन्युएल पिंटो द फोन्सेका या पोर्तुगीज ग्रँड मास्टरने, म्हणजे बेटावर राज्य करणाऱ्या नाइट्सच्या प्रमुखाने, १७५२ मध्ये ती बांधली. आज तिथे कॅफे आणि दुकानं आहेत. दारं निळी, हिरवी, पिवळी, लाल. निळ्या दारामागे मासळी, हिरव्यामागे भाजीपाला, पिवळ्यामागे गहू, लाल दारामागे वाइन असायची, असं सांगतात. तिथून दहा मिनिटं चाललं की तटाच्या पोटाशी लिफ्ट आहे. ती ५८ मीटर उंच नेते आणि थेट अप्पर बराक्का या बागेच्या गच्चीवर सोडते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी लिफ्टला नमस्कार करून आत शिरावं. व्हॅलेटाच्या गल्ल्यांतल्या पायऱ्यांना बायरनसारख्या कवीनेही शिव्या घातल्या आहेत.

गच्चीवरून खाली सगळं ग्रँड हार्बर दिसतं. खोल, लांबट, चारी बाजूंनी राखलेलं. पलीकडे समुद्रात बोटांसारखी घुसलेली जमीन, त्यावर बिर्गू आणि सेंग्लिया ही जुनी गावं. माल्टा सगळं मिळून ३१६ चौरस किलोमीटर. बारमाही नदी नाही, मोठं जंगल नाही, खनिज नाही. आहे ते एवढंच, हे बंदर. त्यासाठीच जो तो इथे आला, आणि कोण किती थांबला यावर या बेटाचं नशीब ठरत गेलं.

सेंट पॉल इसवी सन ६०च्या सुमारास इथे आला तो जहाज फुटून. ‘बायबल’ म्हणतं, तीन महिने राहिला. त्या तीन महिन्यांची खूण गावोगावच्या चर्चमध्ये अजून आहे. १५३० मध्ये आले सेंट जॉनच्या संघाचे नाइट्स. जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय चालवणारा हा संघ पुढे लढवय्या झाला. सुलतान सुलेमानने त्यांना ऱ्होड्स बेटावरून हुसकलं, तेव्हा सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिलं. भाडं वर्षाला एक ससाणा. ते राहिले २६८ वर्षं. रुग्णालय त्यांनी इथेही बांधलं. त्याचा मोठा वॉर्ड १५५ मीटर लांब आहे आणि तिथे रोग्यांना चांदीच्या ताटात जेवण मिळायचं. पण हा पैसा नुसता दानाचा नव्हता. नाइट्सच्या गलबतांनी भूमध्य समुद्रात मुसलमान जहाजं लुटली, माणसं पकडली, गुलाम म्हणून विकली आणि वल्ह्यांना जुंपली. चांदीचं ताट आणि गुलामांचा बाजार एकाच बंदरावर नांदत होते.

१७९८च्या जूनमध्ये नेपोलियन इजिप्तला जाता जाता थांबला. मुक्काम अवघ्या सहा दिवसांचा. तेवढ्यात त्याने नाइट्सना हाकललं, गुलामगिरी रद्द केली आणि चर्चमधली व रुग्णालयातली चांदी वितळवायला लावली. चांदीला हात लावलेला माल्टाच्या लोकांना मानवला नाही. सप्टेंबरमध्ये ते उठले, फ्रेंच फौज व्हॅलेटात कोंडली गेली आणि दोन वर्षांनी तिने ब्रिटिशांपुढे हत्यार ठेवलं. ब्रिटिश राहिले ते १९६४ पर्यंत. त्यांचं शेवटचं लष्कर निघालं १९७९ मध्ये.

इथे आपली गाठ पडते. ब्रिटिशांना माल्टा हवं होतं ते हिंदुस्थानच्या वाटेसाठी, आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडल्यावर तर ते मुंबईच्या वाटेवरचं हक्काचं कोळशाचं ठाणं झालं. १८७८ मध्ये रशिया आणि तुर्कस्तानच्या भांडणात ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून बोटींत भरून इथे आणले. युरोपच्या राजकारणात दम देण्यासाठी हिंदी फौज आणलेली पाहून लंडनच्या पार्लमेंटात गदारोळ झाला. फौज मात्र लढली नाही. उन्हाळ्याचे काही आठवडे या उन्हात तिने कवायत केली आणि मग ती सायप्रसला रवाना झाली. या गच्चीवर उभं राहून मी त्या मुंबई लष्करातल्या शिपायांचा विचार करत होतो. कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या पोराने समोरचा हाच तट बघितला असेल आणि पत्र लिहिता येत नसल्यामुळे घरी काहीच कळवलं नसेल.

दहा वर्षांनी, १८८८ मध्ये, मुंबईहून विलायतेला बॅरिस्टरी शिकायला निघालेल्या अठरा वर्षांच्या मोहनदास गांधींची ‘क्लाईड’ ही बोटही माल्टाला थांबली. त्यांच्या लंडनच्या रोजनिशीत या थांब्याची नोंद आहे. चर्च बघितलं, शस्त्रागार बघितलं आणि परत बोटीवर. म्हणजे बंदराच्या दिवशी आपण जे करतो तेच. ठाण्याच्या साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, ‘मग आपला कार्यक्रम बरोबर आहे!’

रक्तात सही

सेंट जॉनचं को-कॅथीड्रल बाहेरून अगदी साधं दिसतं; एखाद्या जुन्या कोर्टाची इमारत वाटावी. जिरोलामो कासार या माल्टाच्याच स्थपतीने ते १५७०च्या दशकात बांधलं. दारात खांदे उघडे असलेल्या बायकांना ओढणीसारखं कापड देतात आणि टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत. कारण आत गेल्यावर पायाखालीच दिसतं. सगळी जमीन म्हणजे रंगीत संगमरवरी थडगी. चारशेच्या आसपास. प्रत्येकावर नाइटचं घराण्याचं चिन्ह, तोफा, पताका आणि सांगाडे, काही हसरे, काही हातात कोयता घेतलेले. वर बघावं तर छतभर मातिया प्रेतीने रंगवलेलं सेंट जॉनचं चरित्र. भिंतींचा इंच न् इंच कोरून सोन्याने मढवलेला. आमच्या वसईच्या चर्चमध्ये लहानपणापासून ये-जा असलेल्या मलाही इथे क्षणभर गुदमरल्यासारखं झालं.

उजवीकडच्या प्रार्थनागृहात शिरलो आणि आवाज खाली आला. समोरच्या भिंतीवर एकच चित्र. साधारण बारा फूट उंच, सतरा फूट रुंद. इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जोने १६०८ मध्ये रंगवलेला सेंट जॉनचा शिरच्छेद.

या चित्रात देव नाही, देवदूत नाही, प्रकाशाचं वलय नाही. तुरुंगाचं अंगण आहे. जॉन पालथा पडलाय, हात मागे बांधलेले. तलवारीचं काम अर्धवट राहिलंय, म्हणून मारेकऱ्याने डाव्या हाताने त्याचे केस धरलेत आणि उजवा हात पाठीमागे कमरेच्या सुरीकडे नेलाय. तुरुंगाधिकारी बोटाने खाली धरलेलं ताट दाखवतोय, जणू ‘डोकं इथे ठेव’ म्हणून सांगतोय. पोरगी ते ताट घेऊन वाकली आहे. एका म्हातारीने दोन्ही हातांनी डोकं धरलंय. चित्रात घाबरलेली ती एकटीच. उजवीकडचा अर्धा पट जवळजवळ मोकळा. तिथे गजांच्या खिडकीतून दोन कैदी माना वळवून बघताहेत. बघे ते दोघं, आणि खाली उभे आम्ही.

मानेतून सांडलेल्या रक्ताचं थारोळं आहे. त्या रक्तातूनच ओढून काढलेली अक्षरं आहेत, चित्रकाराचं नाव. कॅराव्हॅज्जोने सही केलेलं हे एकमेव चित्र. नावाआधी त्याने ‘एफ’ लिहिलाय, म्हणजे ‘फ्रा’, संघाचा बंधू. त्या एका अक्षरात सगळी कथा आहे. १६०६ मध्ये रोममध्ये एकाला मारून तो पळाला होता. १६०७ मध्ये माल्टाला आला. संघाने त्याला १६०८च्या जुलैमध्ये नाइट केलं. वर्ष सरायच्या आत मारामारी करून तो समोरच्या सेंट अँजेलो किल्ल्यात कैद झाला, तिथून निसटून सिसिलीला पळाला. १ डिसेंबर १६०८ रोजी त्याला संघातून काढलं, सडलेला अवयव कापून टाकावा तसं. ती सभा भरली याच खोलीत, याच चित्रासमोर. चित्र मात्र त्यांनी काढलं नाही. पुढच्या दोन वर्षांत चित्रकारही मेला. चित्र अजून त्याच भिंतीवर आहे.

आम्ही तिथे चाळीस मिनिटं होतो. तेवढ्यात गाईडच्या झेंड्यामागून येणारे चार ग्रुप येऊन गेले, प्रत्येकी सहा-सात मिनिटं. एका बाईंनी सही कुठे आहे ते विचारलं, मी दाखवली, त्यांनी मोबाइलवर मोठी करून बघितली आणि गेल्या. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. बसने गेलो असतो तर मीही तेच केलं असतं.

मटार करंजी आणि तारवटी

परदेशात मराठी माणसाच्या पोटाचा प्रश्न दुपारी बाराच्या आधी उभा राहतो. माल्टाने तो चटकन सोडवला. कोपऱ्याकोपऱ्यावर पास्तिझ्झीचं दुकान असतं. पापुद्र्यांची, होडीच्या आकाराची करंजीच ती. आत एक तर रिकोटा चीज किंवा वाटलेले मटार. मटाराच्या सारणात चक्क करी पावडरीचा वास होता. किंमत एवढीशी की सुट्टे पैसे पुरले. आमच्यातल्या पक्क्या शाकाहारी मंडळींनी मटाराच्या प्रत्येकी दोन-दोन हाणल्या. सोबत किनी नावाचं कडवट संत्र्याचं पेय. १९५२ पासून ते माल्टात निघतं. पहिला घोट औषधासारखा लागतो, तिसऱ्या घोटाला सवय होते.

दुकानाबाहेर फूटपाथवर उभ्याने खाताना शेजारून आवाज आला, ‘मराठी?’ तिशीतला तरुण, पाठीला सॅक, कानात इयरफोन. गोव्याचा, साष्टीतला. आमच्याच बोटीवर कामाला होता, स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला, म्हणून कधी दिसला नव्हता. न्याहारीची पाळी संपवून उतरला होता. दीडला परत हजर व्हायचं होतं.

‘अंकल, आमकां तारवटी म्हण्टात,’ तो हसत म्हणाला. तारू म्हणजे जहाज, त्यावरचा तो तारवटी. तो कोकणीत, मी मराठीत, अशी आमची छान जमली. त्याचे वडील बोटीवर होते, आजोबाही. आजोबा मुंबईत धोबीतलावला गावाच्या कुडात राहून बोट मिळायची वाट बघायचे. गोव्याच्या गावागावांनी मुंबईत चालवलेले हे कूड म्हणजे खलाशांच्या खानावळी, धर्मशाळा आणि तात्पुरतं घर. भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात अल्तार, संध्याकाळी एकत्र रोजरी. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर पिढ्यान्पिढ्या गोव्याचे आचारी, वाढपी आणि वाजंत्री होते. त्या बोटी विलायतेच्या वाटेवर याच बंदरात कोळसा घ्यायला थांबत. म्हणजे या कुटुंबाचं माल्टाशी नातं माझ्यापेक्षा जुनं.

‘कितीदा आलास इथे?’ बायकोने विचारलं.

‘आंटी, दर आठवड्याक. वीस-बावीस फावट आयलों.’

‘आणि ते चित्र बघितलंस?’

‘एकदा. मम्मीक व्हिडिओ कॉलार दाखयलें.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘हांगा पयलीं वायफाय सोदचो पडटा.’

तेवढ्यात दण्णकन आवाज झाला. कबुतरं उडाली, आमच्या ग्रुपमधल्या एक काकू दचकून पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या. बाराची तोफ. अप्पर बराक्काच्या खालच्या तोफखान्यातून ती रोज बाराला आणि चारला उडते. पूर्वी बंदरातल्या जहाजांचे कप्तान या आवाजावर आपली घड्याळं जुळवत. तारवट्याने मनगटाकडे बघितलं, हात हलवला आणि गर्दीत मिसळला. या बेटावर आज आपली माणसं फक्त बोटीतून उतरणारी नाहीत. सुएझ कालव्यानंतर इथे सिंधी व्यापाऱ्यांनी पेढ्या घातल्या. आणि २०२१च्या जनगणनेत परदेशी नागरिकांत इटालियन आणि ब्रिटिशांच्या खालोखाल भारतीय होते. नंतर रस्त्यावर लक्ष देऊन बघितलं तर पाठीवर जेवणाचे डबे घेऊन स्कूटरवरून जाणारी पोरं बहुतेक आपल्याकडचीच वाटली.

अल्लाची प्रार्थना करणारे ख्रिस्ती

पाट्या वाचायचा मला नाद आहे. माल्टाची भाषा रोमन लिपीत लिहितात, पण ती मुळात अरबी कुळातली. नवव्या शतकात अरब आले, त्यांची भाषा सिसिलीमार्गे इथे रुजली आणि पुढे इटालियन शब्दांनी ती भरली. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांतली ही एकमेव सेमिटिक भाषा. पुस्तकांच्या दुकानावरचा ‘क्तीब’ म्हणजे आपली किताब. जग म्हणजे ‘दिन्या’, आपली दुनिया. साखर ‘त्सॉक्कोर’, संत्रं ‘लरिंज’, आपलं नारिंग. यातले काही शब्द अरबी-फारसी वाटेने मराठीत आले, तर साखर आणि नारिंग हे इकडूनच निघून अरबांच्या गलबतांतून तिकडे पोचले.

यातला सगळ्यात गमतीचा शब्द चर्चमध्ये सापडतो. इथले लोक कट्टर कॅथलिक आहेत आणि देवाला ‘अल्ला’ म्हणतात. ईस्टरआधीच्या उपासकाळाचं नाव ‘रंदान’, म्हणजे रमझानच. आमच्या वसईत मराठीतून मिस्सा होते, हे ऐकून बाहेरचे लोक डोळे मोठे करतात. माल्टात मला कोणाला काही समजावून सांगावं लागलं नसतं. धर्म एकीकडून येतो, भाषा दुसरीकडून, आणि घरात दोन्ही सुखाने राहतात.

बुरुजाचं टोक

दुपारी लिफ्टने खाली उतरून आम्ही ‘दायसा’ केली. दोन्ही टोकं उंच असलेली रंगीत होडी, आता मोटारीवर चालणारी. दोन-तीन युरोत ती बंदर ओलांडून बिर्गूला सोडते. होडीवाला सत्तरीचा असावा, आमच्या गोदीएवढ्या क्रूझ बोटीकडे हनुवटीने खूण करून इंग्रजीत म्हणाला, ‘तुमची?’ मी हो म्हणालो. तो म्हणाला, ‘साडेचार?’ त्याला सगळ्या बोटींच्या वेळा पाठ होत्या.

पलीकडे बिर्गूच्या धक्क्यावर उभं राहिल्यावर गावाची मेख कळली. १५६५ मध्ये नाइट्स इथे, या बाजूला राहत होते. समोरचा डोंगर तेव्हा उजाड. टोकाला फक्त सेंट एल्मोचा छोटा किल्ला. हे तेच वर्ष, ज्याच्या जानेवारीत राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगर कोसळलं. मे महिन्यात तुर्की आरमार इथे आलं. त्यांना वाटलं होतं, सेंट एल्मो चार-पाच दिवसांत पडेल. तो महिनाभर झुंजला आणि २३ जूनला पडला तेव्हा तुर्कांचा नावाजलेला सरदार द्रागुत जखमी होऊन मरणाच्या दारात होता. मग समोरच्या त्या उजाड डोंगरावर तोफा चढवून तुर्कांनी बिर्गू भाजून काढलं. सत्तरीतला ग्रँड मास्टर ला व्हॅलेट हटला नाही. ८ सप्टेंबरला सिसिलीची मदत आल्यावर वेढा उठला. तो दिवस माल्टात आजही सुट्टीचा असतो.

जिंकल्यावर ला व्हॅलेटने पहिली गोष्ट ही केली की, शत्रूने तोफा चढवल्या त्या डोंगरावरच शहर बांधायला काढलं. पोपने फ्रांचेस्को लापारेली हा इटालियन इंजिनिअर पाठवला आणि २८ मार्च १५६६ रोजी पायाचा दगड बसला. रस्ते आखले ते पटावरच्या रेघांसारखे सरळ, म्हणजे समुद्राचा वारा गावातून आरपार जाईल. बांधकामाच्या नियमांत प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं सक्तीचं होतं. नदी नसलेल्या बेटावर वेढा पडला तर माणूस आधी तहानेने मरतो, हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे गडावर टाकी खोदणाऱ्यांनाही ते कळलं होतं. आता पिण्याचं निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचं गोडं करून मिळतं.

परतताना होडी तटाच्या अगदी पायथ्यातून गेली आणि मी मान वर करून बघत राहिलो. आपल्या गडांचे बुरूज बहुधा गोल. गोल बुरुजाची खोड अशी की, त्याच्या नाकासमोर पायथ्याशी शत्रू येऊन चिकटला तर शेजारच्या बुरुजावरून तो दिसत नाही. तोफा वाढल्या तशी ही खोड जिवावर बेतू लागली. पंधराव्या-सोळाव्या शतकात इटालियनांनी त्यावर उपाय काढला, बाणाच्या फाळासारखा टोकदार बुरूज. त्याची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजाच्या तोफेच्या सरळ रेषेत येते, लपायला जागा उरत नाही. व्हॅलेटाचा तट म्हणजे या विद्येचं पाठ्यपुस्तक.

आणि मग लक्षात आलं, हे टोक मी रोज बघतो. वसईच्या किल्ल्याचे बुरूज असेच फाळासारखे आहेत. पोर्तुगीजांच्या भारतातल्या किल्ल्यांचा मुख्य इंजिनिअरही इटालियनच होता, मिलानचा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती. मोंबासाचा फोर्ट जीझस त्याचाच आणि वसई-दमणच्या तटांनाही त्याचा हात लागला. ला व्हॅलेटच्या शहराचा तट कोणाला जिंकता आला नाही. नेपोलियनलाही तो आतूनच उघडून मिळाला. आमचा मात्र पडला. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावले. टोकदार बुरुजाला वरून आंधळी बाजू नसते, हे मराठ्यांनी ओळखलं होतं. म्हणून ते जमिनीखालून गेले.

साडेचार

चारची तोफ ऐकली ती धक्क्यावर, परतीच्या रांगेत. बसने गेलेली मंडळी घामाघूम होऊन आली होती. त्यांनी मोस्ताचा घुमट बघितला होता. ९ एप्रिल १९४२ रोजी त्या चर्चमध्ये लोक जमले असताना जर्मन बॉम्ब घुमट फोडून आत पडला आणि फुटला नाही. त्याच महिन्यात इंग्लंडच्या राजाने सगळ्या बेटालाच जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं. ते आज माल्टाच्या झेंड्यावर आहे. पण पदकाने पोट भरत नाही. त्या ऑगस्टमध्ये बेटावर धान्य आणि तेल संपत आलं होतं. मदतीला निघालेल्या १४ मालवाहू जहाजांपैकी पाचच पोचली. शेवटचं ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज १५ ऑगस्टला दोन युद्धनौकांच्या मधे बांधून, जवळजवळ बुडत्या अवस्थेत, याच वाटेने आत आणलं गेलं. काठावर बँड वाजत होता आणि लोक रडत होते. या बंदरात आलेल्या सगळ्या जहाजांत त्यांना सगळ्यात हवं होतं ते हे.

आमचं जहाज तसं हवंसं नाही, याची जाणीव मला आहे. एवढ्याशा गावात दिवसाला हजारो माणसं ओतणं हे काही उपकाराचं काम नव्हे. नांगरलेल्या बोटींच्या धुराचा काठावरच्या वस्त्यांना त्रास व्हायचा, म्हणून बंदराने आता किनाऱ्यावरून वीज द्यायची सोय केली आहे. आपल्या हातात आहे ते छोटं. जेवण बोटीवर फुकट असलं तरी एक वेळ गावात खावं. होडीवाल्याला, पास्तिझ्झीवालीला चार पैसे द्यावेत. आणि यादी आखूड करावी. पाच हजार वर्षांहून जुनी दगडी मंदिरं, मदीनाच्या शांत गल्ल्या, गोझोचं बेट, यातलं मी काहीच बघितलं नाही. त्याची हळहळ वाटते, पश्चात्ताप नाही. नऊ तासांत एक शहर, एक चित्र आणि एक बुरूज एवढं नीट बघून होतं.

बोट निघाली तेव्हा डेकवर पुन्हा गर्दी होती. बेसन आता जरा जास्तच भाजलं गेलं होतं, तांबूस. खाली पाण्यात आमचा होडीवाला नवे प्रवासी घेऊन बिर्गूकडे चालला होता. त्याने वर बघितलं नाही.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी वसईच्या किल्ल्यात गेलो. घरापासून वीस मिनिटं. सेबॅस्टियनच्या बाजूला तटाचं टोक शोधून त्यावर उभा राहिलो आणि शेजारच्या बुरुजाची रेषा डोळ्यांनी जुळवून बघितली. ती बरोबर जुळते. साठ वर्षांत हे कधी करून बघितलं नव्हतं. वसई रोड स्टेशनला उतरून बस किंवा रिक्षा मिळते, सोबत पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, आणि सकाळी लवकर या. किल्ला पुरा बघायला अर्धा दिवस लागतो.